ग्रहांचं व्याख्यान आणि चिकटणारे कण

सप्रेम नमस्कार,

तुमचं सदर मी शाळेत असल्यापासून वाचते, त्यामुळे मला ‘तू’च म्हणा. मी रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष चालू आहे. विषय उत्प्रेरक. धातूचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण ऑक्साइडच्या पावडरीवर बसवायचे, भट्टीत तापवायचे आणि ते किती काळ टिकतात ते पाहायचं. माझे टिकत नाहीत. काही तासांत कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग कमी होतो आणि रीडिंग घसरतं. दीड वर्ष मी इथेच अडकले आहे.

आमच्या संस्थेत दर आठवड्याला निरनिराळ्या विषयांची व्याख्यानं होतात. मी एकही चुकवत नाही. गेल्या महिन्यात ग्रह कसे तयार होतात यावर एक झालं. ताऱ्याभोवतीची धूळ चिकटत चिकटत मोठी कशी होते, ते ऐकताना अंगावर काटा आला. मग लॅबमध्ये येऊन माझी करडी पावडर पाहिली आणि रडूच कोसळलं. तिकडे ग्रह आणि इकडे हे! दोन दिवसांनी मैत्रिणीला ते व्याख्यान सांगायला गेले, तर चार वाक्यांपुढे काही आठवेना. गाईड म्हणतात, “आधी स्वतःचं अंगण झाड.” ही माझी पळवाट आहे का? की मी विषयच चुकीचा निवडला? पुढच्या आठवड्यात कोळ्याच्या रेशमावर व्याख्यान आहे. जाऊ की नको?

– कुंपणावरची

प्रिय कुंपणावरची,

जा. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुला शांतपणे वाचता येईल.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात तू लिहितेस की तुझे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ते थांबत नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात लिहितेस की कण एकमेकांना चिकटून मोठे कसे होतात यावरचं व्याख्यान ऐकून आल्यावर तुला रडू कोसळलं. या दोन परिच्छेदांच्या मधे फक्त एक ओळ मोकळी आहे. तू तासभर तुझ्याच प्रश्नाबद्दल ऐकत बसली होतीस आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही. यात तुझा दोष नाही. व्याख्यानात समोर तारे होते, धूळ होती, निळ्या-नारिंगी चकत्यांचे फोटो होते. लक्ष तिकडेच जाणार.

मी तुला एक सवय सांगते. ती मला लागायला बरीच वर्षं लागली. परक्या विषयाचं व्याख्यान ऐकताना नामं सोडून द्यायची आणि क्रियापदं धरायची. धूळ, तारा, ग्रह ही नामं, ती खगोलशास्त्राची. चिकटणं, उसळणं, आकसणं, अडणं, झिरपणं, तुटणं ही क्रियापदं कुठल्याच विषयाच्या मालकीची नाहीत. व्याख्यान संपल्यावर वहीत नामं खोडून नुसती क्रियापदं ठेवलीस, तर तुझ्या व्याख्यानाचं काय उरेल बघ. बारीक कण हळू धडकले की चिकटतात. चिकटून मोठे होतात. साधारण मिलिमीटर-सेंटिमीटरच्या घरात पोचले की चिकटण्याऐवजी उसळायला लागतात, कारण धडका खाऊन ते घट्ट झालेले असतात आणि धडकेची ऊर्जा जिरवायला त्यांच्यात पोकळी उरलेली नसते. मग वाढ अडते. ग्रह तयार होण्याच्या अभ्यासातली ही खरी डोकेदुखी आहे: धुळीपासून खडा होतो, खड्यापुढे गाडी सरकत नाही. आता विचार कर, या मंडळींची रात्रीची झोप कशाने उडते? आपले कण मोठे का होत नाहीत, याने. आणि तुझी? आपले कण मोठे का होतात, याने. एकाच दरवाजाच्या दोन बाजूंना तुम्ही उभ्या आहात.

आता सावधगिरीची गोष्ट, कारण याच वळणावर उत्साही माणसं घसरतात. क्रियापद जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: कारणही तेच आहे का? ग्रहांच्या धुळीचे कण विरळ वायूत मोकळे फिरत असतात आणि एकमेकांवर येऊन आदळतात. तुझे कण ऑक्साइडला धरून बसलेले आहेत, तेही तापलेल्या भट्टीत. तिथे वाढ दोन वाटांनी होऊ शकते. एक, अख्खा कण आधारावरून सरकतो, शेजारच्याला भिडतो आणि दोघे एक होतात. दुसरी, कण जागचा हलतही नाही, पण लहान कणातले अणू सुटून मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहान कणाचा पृष्ठभाग जास्त वाकलेला, म्हणून त्याचे अणू कमी घट्ट धरलेले. लहान अधिक लहान होत नाहीसा होतो आणि मोठा फुगत जातो. याला तुमच्याकडे ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

म्हणजे धुळीच्या व्याख्यानातलं उत्तर तुझ्या कामाचं नाही. उसळण्याचा उपाय तुझ्या भट्टीत चालणार नाही. पण त्या व्याख्यात्याने स्वतःला विचारलेला प्रश्न अगदी तुझा आहे: वाढ नेमकी कुठल्या वाटेने होते आहे? तू दीड वर्ष रीडिंग घसरताना पाहते आहेस असं लिहितेस. कण किती मोठे झाले हे तू मोजलं असणार. पण वेगवेगळ्या तासांना काढलेल्या टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंमधून शे-दोनशे कणांचे व्यास मोजून त्यांचा आलेख कधी काढलास का? लहान कणांच्या बाजूला लांब शेपटी दिसते की मोठ्यांच्या? एवढ्यावरून निकाल लागत नाही, दोन्ही वाटा एकत्रही चालू शकतात. तरी तो आलेख तुझ्या टेबलावर असायला हवा. कण सरकत असतील तर त्यांना आधारावर जखडून ठेवण्याचा विचार करावा लागेल. अणू सुटून जात असतील तर सुरुवातीला सगळे कण शक्य तितके एकसारख्या मापाचे ठेवायला हवेत, म्हणजे लहान-मोठा हा भेदच कमी होईल. दोन रोग, दोन औषधं.

माझं स्वतःचं एक सांगते, कारण ही सवय मला तिथे लागली. मी तेव्हा काचेवर द्रावणातून चढवलेल्या पातळ ऑक्साइड थरांवर काम करत होते. थर ओला असताना आरशासारखा दिसायचा आणि वाळला की तडकायचा. मी द्रावण बदललं, तापमान बदललं, वाळवण्याचा वेग बदलला. तडे कायम. एका दुपारी, खरं सांगायचं तर लॅबमध्ये बसवत नव्हतं म्हणून, मी भूविज्ञान विभागातल्या एका व्याख्यानाला जाऊन बसले. विषय होता वाळलेल्या चिखलाच्या भेगा.

पडद्यावर सुकलेल्या तळ्याचा फोटो होता, मापासाठी शेजारी हातोडी ठेवलेली. व्याख्याते सांगत होते की चिखलाला वाळताना आकसायचं असतं, पण तळाची जमीन त्याला धरून ठेवते. आकसता येत नाही म्हणून ताण साठतो आणि तो भेग पाडून मोकळा होतो. मग म्हणाले, थर जेवढा जाड तेवढं भेगांमधलं अंतर जास्त. पातळ चिखलाच्या चकत्या लहान, जाड चिखलाच्या मोठ्या. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती मी आजही विसरलेले नाही. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा भेगा एकमेकींना काटकोनात भेटतात, कारण आधीच्या भेगेने आपल्या आडव्या दिशेचा ताण संपवलेला असतो आणि नंतरची भेग तिच्यावर सरळ येऊन टेकते. तोच चिखल पुन्हापुन्हा भिजला आणि वाळला की सांधे हळूहळू सरकतात आणि तीन भेगा १२० अंशांनी भेटायला लागतात. म्हणजे नुसत्या कोनावरून जमिनीने किती पावसाळे पाहिले याचा अंदाज येतो.

मी प्रश्नोत्तरांना थांबलेच नाही. लॅबमध्ये येऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. टी-टी-टी. सगळे सांधे काटकोनाचे. माझा थर म्हणजे एकदाच वाळलेला चिखल होता. आकसणं तेच, तळाने धरून ठेवणं तेच, ताण साठणं तेच. इथे क्रियापदाबरोबर कारणही जुळत होतं. थर एका ठरावीक जाडीपेक्षा पातळ असेल तर त्यात साठलेली ऊर्जा नवी भेग उघडायला पुरत नाही आणि तो तडकतच नाही. मी एक जाड थर द्यायचं सोडून तीन पातळ थर दिले, प्रत्येक थर आधी भाजून पक्का केला आणि मगच वर दुसरा चढवला. तडे गेले.

आता यातला महत्त्वाचा भाग. ही जाडीची मर्यादा माझ्या विषयाच्या वाङ्मयात आधीपासून होती. एका पेपरमध्ये मी स्वतः तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली नंतर सापडली. मी ती वाचली होती, पण मला ती दिसली नव्हती. परक्या विषयाच्या माणसाने, परक्या फोटोवर बोट ठेवून सांगितल्यावर ती दिसली. म्हणून मला कुणी विचारलं की दुसऱ्या विषयाच्या व्याख्यानातून काय मिळतं, तर मी नवी कल्पना मिळते असं म्हणत नाही. बहुतेक वेळा आपलीच जुनी गोष्ट आपल्याला पहिल्यांदा दिसते.

तू लिहितेस, ‘तिकडे ग्रह आणि इकडे हे!’ या वाक्यावर मला जरा थांबायचं आहे. त्या व्याख्यानात धडकणाऱ्या धुळीचा एखादा व्हिडिओ दाखवला असेल. असे प्रयोग जमिनीवर नीट होत नाहीत, गुरुत्वाकर्षण धुळीला खाली ओढतं. म्हणून ते वजनरहित अवस्थेत करतात. त्यासाठी वापरली जाणारी एक जागा म्हणजे जर्मनीतल्या ब्रेमेनचा १४६ मीटर उंचीचा पतन-मनोरा. त्याच्या आतल्या निर्वात नळीतून प्रयोगाची अख्खी पेटी खाली सोडतात. एका वेळी वजनरहित अवस्था मिळते ती सुमारे ४.७ सेकंद. या ४.७ सेकंदांसाठी कुणीतरी महिनोन्‌महिने पेटी जुळवलेली असते, कॅमेरा ऐन वेळी बिघडलेला असतो, धूळ दमट होऊन आधीच गोळा झालेली असते. तीही करडी पावडरच असते गं. तुला व्याख्यानात दिसतं ते वीस वर्षांच्या कामाचं शेवटचं, धुऊन-पुसून ठेवलेलं टोक, आणि ते तू आपल्या कामाच्या ऐन मधल्या चिखलाशी ताडून पाहतेस. ही तुलना कुठल्याच विषयाला पेलणार नाही. विषय चुकला का, या प्रश्नाचं उत्तर तुला व्याख्यानाच्या खुर्चीत मिळणार नाही. दुसऱ्या विषयाच्या लॅबमध्ये आठवडाभर काढलास तर कदाचित मिळेल. तशी संधी असेल तर जरूर घे.

तुझी दुसरी तक्रार: दोन दिवसांत सगळं विसरते. त्यावर आधी मायकेल फॅरडेची आठवण करून देते. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तिचा कामाचा भाग बहुधा सांगितला जात नाही. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या या मुलाला १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्या व्याख्यानांच्या टिपणांची शेकडो पानांची वही स्वतः बांधून त्याने डेव्हीला पाठवली आणि १८१३ मध्ये तिथेच मदतनीस म्हणून लागला, इथवर सगळे सांगतात. पण त्या वहीत एवढी पानं आली कुठून? सभागृहात तो फक्त प्रयोगांची नावं आणि मोजके शब्द टिपायचा. घरी येऊन त्यावरून सविस्तर टिपण करायचा. मग त्यावरून अख्खं व्याख्यान पुन्हा लिहून काढायचा, उपकरणांच्या आकृत्यांसकट. एकच व्याख्यान त्याने तीनदा केलं, पहिल्यांदा डेव्हीच्या तोंडून आणि दोनदा स्वतःच्या हाताने.

तुला शेकडो पानं लिहायची नाहीत, पीएचडी करायची आहे. तेव्हा एवढंच कर. सभागृहात मोबाइलने स्लाइडचे फोटो काढू नकोस. फोटो काढला की आपलं काम झालं असं मनाला वाटतं आणि ते तिथेच ऐकणं थांबवतं. शब्द आणि चित्रं हाताने काढ. त्याच संध्याकाळी, झोपण्यापूर्वी, वही न उघडता एक पान लिही. जिथे अडशील तिथे जागा सोड, मग वही उघडून भर. पानाच्या खाली एक वाक्य नामांशिवाय लिही. ग्रहांच्या व्याख्यानासाठी ते असं झालं असतं: ‘चिकटतात, मोठे होतात, मग कशाने तरी अडतात.’ हे वाक्य तू लिहिलं असतंस तर मला पत्र लिहायची वेळ आली नसती असं मला खरंच वाटतं.

आणि सगळं कळलंच पाहिजे हा आग्रह सोड. मी तर पुढे जाऊन म्हणेन, व्याख्यातासुद्धा सगळा बरोबर असायलाच हवा असं नाही. मॅक्स डेलब्रुक हा पंचविशीतला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. १९३२ च्या ऑगस्टमध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी कोपनहेगनमध्ये प्रकाश-उपचारांवरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘प्रकाश आणि जीवन’ असं व्याख्यान दिलं, ते ऐकायला तो गेला. बोर यांचं म्हणणं साधारण असं होतं: प्रकाश कधी लाट म्हणून समजून घ्यावा लागतो, कधी कण म्हणून, आणि दोन्ही वर्णनं एकाच वेळी लावता येत नाहीत. सजीवांचंही तसंच असेल. जिवंत प्राण्यातला अणू न् अणू तपासायचा म्हटलं तर त्यात प्राणी मरेल, म्हणजे जीवन आणि अणू यांचं वर्णन एकाच वेळी पुरतं करता येणार नाही.

डेलब्रुकच्या डोक्यात हे इतकं घुसलं की तो जीवशास्त्राकडे वळला. १९३५ मध्ये त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर जनुक म्हणजे अणूंची एक स्थिर रचना असावी, या दिशेने शोधनिबंध लिहिला. पुढे जीवाणूंवर हल्ला करणारे विषाणू घेऊन बसला, कारण सजीवांतला त्याहून साधा नमुना त्याला दिसत नव्हता. एक विषाणू आत शिरतो आणि अर्ध्या-एक तासात जीवाणू फोडून शेकड्याने बाहेर पडतात. त्याच १९३५ च्या निबंधाचा आधार घेऊन एर्विन श्र्योडिंगर यांनी १९४३ मध्ये डब्लिनला, भौतिकशास्त्रज्ञ असूनही, जीवनावर व्याख्यानं दिली. ती १९४४ मध्ये पुस्तकरूपाने आली. डीएनएच्या रचनेसाठी पुढे नोबेल मिळालेल्या वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघांनीही त्या पुस्तकाचा आपल्यावर परिणाम झाल्याचं सांगितलेलं आहे.

आणि बोर यांचं मूळ अनुमान? ते खरं ठरलं नाही. १९५३ मध्ये डीएनएचा दुहेरी गोफ समोर आला, तेव्हा त्यात कुठलाही न सुटणारा विरोधाभास नव्हता. नेहमीचं रसायनशास्त्र होतं, तुझंच. डेलब्रुक ज्या गूढाच्या शोधात निघाला ते त्याला सापडलं नाही, पण त्या वाटेने केलेल्या कामाला १९६९ चं नोबेल मिळालं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. व्याख्यानातून त्याने उत्तर उचललं असतं तर ते फुकट गेलं असतं. त्याने प्रश्न उचलला, तो हातातल्या कामाला जुंपला आणि सदतीस वर्षं सोडला नाही.

आता गाईडचं. अंगण झाडण्याचं ते म्हणतात त्यात तथ्य आहे, रागावू नकोस. गेल्या सहा महिन्यांची लॅबवही काढ आणि व्याख्यानांच्या तारखा शेजारी लिही. सँपल बिघडलं की त्याच दिवशी तू सभागृहात पळत असशील, तर ती पळवाट आहे, व्याख्यान कितीही चांगलं असो. मीसुद्धा चिखलाच्या व्याख्यानाला पळूनच गेले होते; फरक एवढाच की तिथून उठले ती थेट सूक्ष्मदर्शकाकडे गेले. आठवड्याला एक तास बसून ऐकण्याने पीएचडी बुडत नाही. रात्री दोनपर्यंत एकामागून एक रेकॉर्ड केलेली व्याख्यानं बघत बसण्याने मात्र बुडू शकते, त्यात तू असशील तर तेवढं बंद कर.

गाईडना प्रेरणा वगैरे सांगायला जाऊ नकोस. ग्रहांचं नावसुद्धा काढू नकोस. शून्य, दोन, सहा आणि बारा तासांच्या टीईएम फोटोंमधले व्यास मोज, चारही आलेख एका कागदावर काढ आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेव. म्हण, “सर, कण सरकताहेत की अणू जाताहेत, हे मला आधी ठरवायचं आहे.” दीड वर्षात तू त्यांच्याशी बोललेलं हे कदाचित सगळ्यात चांगलं वाक्य असेल. हे सुचलं कुठून, असं त्यांनी विचारलं तर खुशाल खरं सांग.

आणि कोळ्याचं रेशीम. तिथे पुढच्या रांगेत बस, कारण तुला प्रश्न विचारायचा आहे. कोळ्याच्या ग्रंथीत रेशमाचं प्रथिन पाण्यात अतिशय दाट साठवलेलं असतं, तरी ते तिथे गोठत नाही. नळीतून बाहेर येताना आम्लता वाढते, क्षार बदलतात, प्रवाहाने ते ताणलं जातं आणि क्षणात घट्ट धागा होतो. तो धागा किती मजबूत हे सगळेच सांगतील. तू दुसऱ्या टोकाचं विचार: इतकं दाट असूनही ते आत एकमेकांना चिकटत का नाही? प्रथिन आणि धातू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तुझी भट्टी कित्येक पटींनी तापलेली आहे, तेव्हा त्यांचं उत्तर तुझ्या पावडरीला लागू पडेल अशी आशा धरून जाऊ नकोस. ते ‘चिकटत नाही’ याचं कारण कुठल्या क्रमाने शोधतात, कुठला प्रयोग आधी करतात, कशावरून एक शक्यता बाद करतात, ते टिपून घे. संध्याकाळी एक पान. खाली नामांशिवाय एक वाक्य. ते वाक्य आणि तुझे चार आलेख, दोन्ही मला पाठव. आलेखातली शेपटी कुठल्या बाजूला निघाली हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.